पांढरा कोळसा आणि काळी आई : दोन रूपकांचा हिशोब

अलंकार म्हणजे भाषेवर चढवलेला दागिना, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’त अलंकारांना हारादी आभूषणांची उपमा दिली आणि काव्य क्वचित निरलंकारही असू शकते, असे मानले. दागिना उतरवला तरी देह उरतो, तसा अलंकार वगळला तरी अर्थ उरतो, हा समज त्यातूनच आपल्या अध्यापनात सोयीस्करपणे रूढ झाला. काव्याबाहेरच्या गद्यात, जिथे माणसांचे निर्णय घडतात तिथे, तो कितपत टिकतो?

कोलाडची कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते. ते पाणी मूळचे तिचे नव्हे. मुळशीला अडवलेले मुळेचे पाणी एरवी भीमेतून कृष्णेला आणि पुढे पूर्वसमुद्राला मिळाले असते. ते सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात येते आणि वीज निर्माण करून कुंडलिकेत सोडले जाते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून त्यावर शेती भिजते, आणि कोलाडचे राफ्टिंगही त्याच पाण्याच्या वेळापत्रकावर चालते.

अशा पाण्याला युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘पांढरा कोळसा’ हे नाव मिळाले आणि ते मराठीतही आले. हे रूपक निव्वळ शोभेचे नाही. पाणी म्हणजे इंधन, असे एकदा मनाने घेतले की धबधबा ही खाण होते आणि दरी हे कोठार. डोंगरातील पाण्यात गिरणी चालवणारी शक्ती आहे, हे त्याने एका शब्दात दाखवले. ते त्याचे सामर्थ्य होय. मात्र कोठाराच्या तळाशी भातखाचरे आणि घरे आहेत, हे त्याच शब्दाने दृष्टीआड केले.

मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. शेतकऱ्याच्या भाषेत जमीन ही ‘काळी आई’. आईची किंमत ठरवता येत नाही. म्हणून मोबदल्याची भाषाच या रूपकापुढे निरुत्तर होते. परंतु यानेही काही झाकले. त्या खोऱ्यातील बरीच जमीन सावकारांकडे गहाण वा त्यांच्या मालकीची होती, आणि मोबदला स्वीकारणे त्यांना परवडणारे होते. आई एकाची आणि सातबारा दुसऱ्याचा, हा पेच ‘काळी आई’ या दोन शब्दांत मावत नाही. सत्याग्रह थांबला, धरण झाले, १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

दोन्ही रूपके काढून टाकून हा इतिहास निखळ गद्यात लिहावा काय? ‘बुडीत क्षेत्र’ हा शासकीय शब्दही तटस्थ नाही: बुडते ते क्षेत्र, माणूस नव्हे. रूपकांपासून सुटका नाही. हिशोब मात्र मागता येतो.

त्याची रीत मराठीच्या आरंभीच्या गद्यातच आहे. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त तीन अंगांनी मांडले: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. आंधळ्यांनी चाचपलेला हत्ती तिथे नुसता सांगून सोडलेला नाही. त्यातले काय कशाला लागू पडते, हे दार्ष्टांतिकाने उलगडायचे असते. प्रतिमेसोबतच तिचा अन्वय सांगण्याची जबाबदारी घेणारी ही रचना आहे.

‘पांढऱ्या कोळशा’ला कुणी दार्ष्टांतिक जोडले असते, तर कोळसा जळून संपतो, पाणी मात्र वीज देऊनही उरते, हे दिसले असते, ते कोणाच्या शेतावर साठते आणि कोणाच्या शेताला मिळते, हा प्रश्नही तिथेच उभा राहिला असता. मुळशीचे गेलेले आणि कोलाडला आलेले पाणी एकच आहे.

म्हणून लेखनातील अलंकाराचे मोल त्याच्या सौंदर्यावरून ठरवणे अपुरे आहे. तो काय दाखवतो, काय झाकतो, आणि लेखक त्याचे दार्ष्टांतिक द्यायला तयार आहे की नाही, हे समीक्षेने विचारले पाहिजे. कवितेइतकेच ते प्रकल्पाच्या अहवालालाही विचारायला हवे.