पन्नासावा माणूस

१८८४ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आरोग्य प्रदर्शन भरले होते. तिथे फ्रान्सिस गाल्टन यांच्या प्रयोगशाळेत तीन पेन्स देऊन लोक उंची, वजन, नजर मोजून घेत. धनुष्य ताणावे तशी ओढ किती पौंडांची, याचीही नोंद होई. या मोजमापांवर गाल्टन यांनी १८८५ मध्ये लिहिले आणि त्या लिखाणातून ‘पर्सेंटाइल’ हा शब्द पुढे आला.

कल्पना त्याहून दहा वर्षे जुनी. माणसे उंचीप्रमाणे रांगेत उभी करा, पट्टी न लावताही मधला कोण ते दिसेल, असे त्यांनी १८७५ मध्येच मांडले होते. पर्सेंटाइलचा जीव या रांगेत आहे. तो ‘किती’ सांगत नाही, ‘कितवा’ ते सांगतो.

२३ ते २६ वयाच्या ५१९ पुरुषांची ओढ गाल्टन यांनी दहा-दहा पौंडांच्या गटांत मांडली. ७० पौंडांच्या आत १९२ जण, ७० ते ८० मध्ये १६८. मग ७४ पौंड ओढणारा कुठे? दहा पौंडांच्या गटात तो चार पौंड पुढे आला आहे. म्हणून १६८ चे चार दशांश, म्हणजे सुमारे ६७ जण, त्याच्या मागे धरायचे. १९२ आणि ६७ मिळून २५९, ५१९ च्या जवळपास निम्मे. म्हणजे शंभरांच्या रांगेत हा पन्नासावा माणूस.

वर्गांतर (गटाची रुंदी, इथे दहा) आणि संचित वारंवारता (आधीच्या गटांची बेरीज, इथे १९२) घेऊन गुणांच्या तक्त्यातून पर्सेंटाइल आजही असाच काढतात. यात गटातली माणसे सारखी पसरली आहेत, असे गृहीत धरलेले असते. ते १६८ जण ७१ पौंडांवरच दाटले असतील, तर आपला माणूस पन्नासावरून थेट ६९ वर जातो.

२०१९ मध्ये जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीच्या निकालांत पर्सेंटाइल आले, कारण सत्रागणिक प्रश्नपत्रिका वेगळी. संगणक एकेकाचे गुण धरतो, गट पाडावे लागत नाहीत. अर्थ मात्र तोच. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातल्या शंभरातले नव्वद जण बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढेच.

१८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला नाव देणारे गाल्टनच. रांगेतल्या जागेवरून माणसाची लायकी ठरवण्याची ती वाट किती घातक ठरली, हे जगाने पाहिले. म्हणून निकाल हातात आला की मुलाला बोल लावण्याआधी रांग कुणाची होती ते विचारावे. ७४ पौंड ओढणारा तो पन्नासावा माणूस पैलवानांच्या रांगेत शेवटी उभा राहील. त्याच्या दंडातली ताकद तेवढीच असेल.