स्मृतीची पट्टी व तिची खांच

जुन्या संगणकाची चाल मंदावली म्हणजे गृहस्थाचें लक्ष प्रथम रॅमकडे जातें. नवा संगणक घेण्यापेक्षां रॅमची एक पट्टी वाढविणें स्वस्त, हा हिशेब पुष्कळदां खरा ठरतो. परंतु दुकानांत केवळ आंकडा सांगून पट्टी मागितली तर पैसे वायां जाण्याचा संभव असतो. ‘किती’ या प्रश्नाच्या आधीं ‘कोणती’ हा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर यंत्राच्या जन्मकाळावर अवलंबून असतें.

प्रारंभीं अडचण रुंदीची होती. तीस पिनांची पट्टी एका वेळीं आठ बिट देई. १९८९ सालीं आलेल्या इंटेलच्या ४८६ प्रोसेसरला मात्र बत्तीस बिट लागत. म्हणून तेथें चार पट्ट्या एकदम बसवाव्या लागत. पुढें बत्तीस बिटांची, बहात्तर पिनांची पट्टी आली. पण १९९३ च्या पेंटियमची मागणी चौसष्ट बिटांची असल्यामुळें ती जोडीनेंच घ्यावी लागे. चौसष्ट बिटांची १६८ पिनांची पट्टी रूढ झाली, तेव्हां कोठें हें बंधन सुटलें.

त्यानंतर भेद पडूं लागला तो विजेच्या दाबाचा. जेडेक या मानकसंस्थेनें २००० सालीं डीडीआरचें मानक प्रसिद्ध केलें. त्या पट्टीस २.५ व्होल्ट लागत. २००३ ची डीडीआर-२ ही १.८ व्होल्टवर, २००७ ची डीडीआर-३ ही १.५ व्होल्टवर व २०१२ ची डीडीआर-४ ही १.२ व्होल्टवर चालते. डीडीआर-२ व डीडीआर-३ या दोहोंच्याही पिना २४०, लांबीही तीच. भेद दिसतो तो खालच्या कडेच्या खांचेंत. एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागेंत बसूं नये, म्हणून ही खांच मुद्दाम सरकविलेली आहे. ती न जुमानतां जोरानें पट्टी दाबणारास मदरबोर्ड गमावण्याचा धोका असतो.

पट्टी बसली म्हणजे काम झालें, असेंही नव्हे. इंटेलच्या १९९७ मधील ४३०टीएक्स चिपसेटवर २५६ मेगाबाइटपर्यंत रॅम बसे. परंतु कॅशचा लाभ पहिल्या ६४ मेगाबाइटांनाच मिळे. त्यापुढें भर घातली असतां संगणक कधीं कधीं अधिकच मंद होई! निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र केल्या, तर सामान्यतः सर्वांस मंद पट्टीच्याच चालीनें चालावें लागतें. तसेंच बत्तीस बिटांच्या घरगुती विंडोजला चार गिगाबाइटांपलीकडील रॅम वापरतां येत नाहीं.

यासाठीं खरेदीपूर्वीं मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत तीन गोष्टी पाहाव्या: पट्टीची पिढी कोणती, एका जागेंत जास्तींत जास्त किती चालते, आणि एकंदर मर्यादा किती. पुस्तिका हरवली असल्यास जुन्या पट्टीवरील चिठ्ठी वाचावी; पिढी व वेग बहुधा तिजवर छापलेले असतात. एवढी दक्षता घेतली, तर केवळ अपुऱ्या स्मृतीमुळें भंगारांत निघालेलीं कित्येक यंत्रें आणखी कांहीं वर्षें मुलांच्या अभ्यासास व घरच्या हिशेबास उपयोगीं पडतील.