आपत्तींना अडविणारी निसर्गाची तटबंदी

छत्रपती संभाजीनगर : मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही आणि अलीकडच्या काळात अतिवृष्टीही नवी राहिलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर दहा वर्षेही उलटली नव्हती, तोच सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यातील नद्यांनी पात्रे ओलांडली. हाताशी आलेली पिके गेली, काही ठिकाणी तर शेतातील मातीही खरवडून गेली. जायकवाडीतून सोडलेल्या पाण्यामुळे पैठण येथील सखल भागातील नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. एका वेळी पाण्याचा थेंब नाही, दुसऱ्या वेळी पाणी आवरत नाही. या दोन्ही संकटांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. पडलेल्या पावसाला थांबण्यासाठी, मुरण्यासाठी आणि सावकाश वाहण्यासाठी लागणारी जागा कमी होत चालली आहे.

ही जागा निसर्गात डोंगरउतारावरील गवत, जंगल, ओढ्याकाठची झाडी, तळी, पाणथळी आणि नदीचे पूरमैदान यांच्या रूपाने असते. या घटकांचे आणि त्यांवर जगणाऱ्या जीवसृष्टीचे एकमेकांशी असलेले नाते म्हणजे परिसंस्था. परिसंस्था सुदृढ असेल, तर नैसर्गिक संकटाचा तडाखा सौम्य होतो, हा विचार आता जगभर आपत्ती व्यवस्थापनाचा भाग बनला आहे.

संकट आणि आपत्ती यांतील फरक

अतिवृष्टी, वादळ, अवर्षण ही नैसर्गिक संकटे होत. ती टाळणे माणसाच्या हाती नाही. मात्र प्रत्येक संकटाची आपत्ती होतेच असे नाही. निर्जन माळावर ढगफुटी झाली, तर ती हवामान खात्याच्या नोंदीपुरती उरते. तोच पाऊस नाल्यात बांधलेल्या वस्तीवर कोसळला, तर जीवितहानी होते. म्हणून धोका मोजताना तीन गोष्टी पाहिल्या जातात : संकटाची तीव्रता, त्याच्या वाटेत असलेली माणसे व मालमत्ता आणि ते सोसण्याची त्यांची क्षमता. निरोगी परिसंस्था या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडते. ती पुराचा वेग कमी करते, नदीकाठ मोकळा असल्यास माणसे वाटेत येत नाहीत आणि संकटानंतर चारा, पाणी, सरपण व रोजगार देऊन ती लोकांना सावरण्यास मदत करते.

पाऊस मुरतो कसा?

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे पाणी होते दहा हजार लिटर. एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर तेवढ्याच जागेवर दहा लाख लिटर पाणी येते. उतार उघडा असेल, तर थेंबांच्या माऱ्याने माती सुटते, तिची छिद्रे बुजतात आणि पाणी गाळ घेऊन खाली धावते. उतारावर गवत व झाडी असेल, तर पानांवर थेंबांचा जोर मोडतो. पालापाचोळा पाणी धरून ठेवतो, मुळांनी आणि गांडुळांनी पोखरलेल्या जमिनीत ते उतरते. परिणामी ओढ्याला येणारा लोंढा उशिरा येतो आणि त्याची उंचीही कमी राहते. पावसाळा सरल्यावर हेच मुरलेले पाणी विहिरींना व झऱ्यांना मिळते.

मराठवाड्यात या प्रक्रियेला विशेष महत्त्व आहे. येथील भूस्तर काळ्या पाषाणाचा. अखंड बेसाल्टमध्ये पाणी साठत नाही. ते साठते त्यावरील मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. ही साठवण मर्यादित असल्याने ती दरवर्षी भरावी लागते. विभागाचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ६८० मिलिमीटर असले, तरी पाऊस थोड्या दिवसांत एकवटतो. त्यात वनक्षेत्र अत्यल्प. लातूर जिल्ह्यात तर ते एक टक्क्याहूनही कमी आहे. पाऊस अडविणारा पहिला थरच विरळ असल्याने मराठवाड्याला पूर आणि टंचाई हे दोन्ही एकाच वर्षात अनुभवावे लागतात.

डोंगरांच्या कुशीतील शहर

उत्तरेला हर्सूल-जटवाड्याचे डोंगर, दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर आणि मधल्या सखल भागातून वाहणारी खाम नदी, अशी या शहराची ठेवण आहे. मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी वसविली, तेव्हा पाण्याची सोय करताना त्याने हीच ठेवण हेरली. डोंगरपायथ्याला आणि नदीखोऱ्यात मुरलेले पाणी जमिनीखालील नहरींत गोळा करायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, ही नहर-ए-अंबरीची रचना. पुढे पाणचक्कीची नहरही याच तत्त्वावर झाली. यंत्राविना शतकानुशतके चाललेल्या या व्यवस्थेचे खरे भांडवल होते पाणी मुरविणारे डोंगर. वरचा पाणलोट शाबूत असेपर्यंतच खालची नहर वाहणार, हा तिचा साधा नियम होता.

पुढे खामवर हर्सूलचा तलाव झाला. दिल्ली दरवाजाजवळचा खिज्री तलाव आज डॉ. सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो, तर त्याच्या शेजारची हिमायतबाग मोगलकाळापासूनची आहे. पक्षीनिरीक्षक आणि सकाळी फिरणाऱ्यांना ही स्थळे प्रिय आहेतच. परंतु आपत्तीच्या दृष्टीने पाहिल्यास ती शहराच्या संरक्षणव्यवस्थेचा भाग ठरतात. तलाव मोठ्या पावसाचे पाणी काही काळ पोटात घेतो. बागेची मोकळी जमीन ते जिरविते आणि वृक्षांची सावली उन्हाळ्यात परिसराचे तापमान कमी ठेवते. काँक्रीटने झाकलेला भूखंड यांपैकी काहीच करीत नाही. त्याच्यावर पडलेले जवळपास सर्व पाणी काही मिनिटांत नाल्यात उतरते.

शहर वाढत गेले तसे नाले अरुंद झाले, काहींवर स्लॅब पडले, खामच्या पात्रात सांडपाणी, कचरा आणि राडारोडा आला. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, स्थानिक संस्था व उद्योग यांच्या सहभागाने खामच्या पुनरुज्जीवनाची मोहीम हाती घेण्यात आली. पात्रातील कचरा काढणे, पुलांवरून कचरा टाकला जाऊ नये यासाठी जाळ्या बसविणे, काठावर देशी झाडे लावणे अशी कामे झाली. नदीकाठ सुशोभित होणे हा त्याचा दिसणारा लाभ. पुराच्या पाण्याला मोकळी वाट मिळणे हा न दिसणारा, परंतु अधिक मोलाचा लाभ होय. नेदरलँड्ससारख्या देशानेही १९९३ व १९९५ च्या महापुरांनंतर केवळ बंधारे उंच करीत न राहता नद्यांना पसरण्यासाठी जागा देण्याचे धोरण स्वीकारले आणि काही ठिकाणी तटबंध मागे हटविले.

कडवंचीचा धडा

दुष्काळाशी झुंजण्याचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची येथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने माथा ते पायथा या क्रमाने काम झाले. आधी डोंगरउतारावर चर, गवत व झाडे, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यावरील बंधारे. माती वर अडल्याने खालचे बंधारे गाळाने भरले नाहीत. पुढे शेततळ्यांची जोड मिळाली आणि कोरडवाहू गाव द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळातही येथील बागा तगल्या.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली याच मार्गाने जाताना चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, सिंचनासाठी बोअर न घेण्याचा निर्णय आणि पाण्याचा वार्षिक ताळेबंद यांची जोड दिली. पाणी अडविण्याइतकेच ते वापरण्याचे नियमही महत्त्वाचे, हे या गावाने दाखविले.

याउलट २०१४ अखेर सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाविषयी महालेखापालांच्या २०२० मधील अहवालाने गंभीर आक्षेप नोंदविले. खर्च मोठा होऊनही भूजलपातळीत अपेक्षित वाढ झाली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. डोंगरमाथा उघडा ठेवून केवळ नाल्याचे खोलीकरण केल्यास पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच गाळ परत येतो, हे अभ्यासक पूर्वीपासून सांगत आले आहेत.

घाटातील दरडी, किनाऱ्यावरील लाटा

३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नडच्या औट्रम घाटात मुसळधार पावसाने दरडी कोसळल्या आणि सोलापूर-धुळे महामार्ग ठप्प झाला. त्याच पावसाने घाटाखालील चाळीसगाव परिसरात तितूर व डोंगरी नद्यांना पूर येऊन शेकडो जनावरे दगावली. हा सारा डोंगर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरातील. २६० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. वृक्षांची मुळे उतारावरील मातीचा वरचा थर बांधून ठेवतात. रस्त्यासाठी पायथा कापलेला उतार मात्र पाण्याने जड झाला की सहज निसटतो. २०१४ मधील माळीण, २०२१ मधील तळिये आणि २०२३ मधील इर्शाळवाडी या दुर्घटनांनी सह्याद्रीच्या उतारांचा प्रश्न राज्यापुढे ठळकपणे मांडला.

किनाऱ्यावर हेच काम खारफुटी करते. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात, गाव व समुद्र यांमध्ये खारफुटीचा रुंद पट्टा असलेल्या गावांत मृत्यू कमी झाल्याचे आढळले. मुंबईने याची दुसरी बाजू अनुभवली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. भराव व अतिक्रमणांनी आक्रसलेल्या मिठीने तो सामावून घेतला नाही. त्या पुराच्या कारणांचा शोध घेणाऱ्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष होते ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे.

कायदा काय सांगतो?

देशाच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात (२००५) आपत्तीची व्याख्या करताना जीवित व मालमत्तेच्या हानीबरोबर पर्यावरणाच्या हानीचाही उल्लेख आहे. २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय आराखड्यानेही परिसंस्थांच्या संवर्धनाला धोका कमी करण्याच्या उपायांत स्थान दिले. पाणथळींसाठी २०१७ चे नियम आहेत. नदीकाठावर निळी व लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द दाखविते. निळ्या रेषेच्या आत पाण्याला आडवी येणारी बांधकामे होऊ नयेत, हा त्यामागील हेतू. तरतुदी पुरेशा आहेत. त्या नकाशावरून जमिनीवर उतरविणे हीच खरी कसोटी आहे.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात

परिसंस्था हा सर्व आपत्तींवरील उतारा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जंगलाने काही वाचले नसते. तेथे भूकंपरोधक घरेच हवीत. सलग पावसाने जमीन तृप्त झाली की घनदाट जंगलातूनही पाणी वाहू लागते, म्हणून अतितीव्र पावसात पूर पूर्णपणे टळत नाही. ओडिशातील त्याच अभ्यासाने वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यामुळे खारफुटीपेक्षाही अधिक जीव वाचल्याचे नोंदविले आहे. धरणांतील विसर्गाचे नियोजन, धोक्याची सूचना आणि सुरक्षित स्थलांतर यांना पर्याय नाही. शिवाय लावलेले प्रत्येक झाड उपयोगी असतेच असे नाही. गवताळ माळावर परदेशी, झटपट वाढणारी झाडे लावल्यास गवत नष्ट होते आणि माती उघडी पडते. निसर्गाला वेळही लागतो. भिंत एका वर्षात उभी राहते, उतारावरील झाडोऱ्याला एक पिढी लागू शकते.

मात्र भिंतीची झीज होते, तिचा दुरुस्तीखर्च वाढत जातो. परिसंस्था जपली, तर ती वर्षागणिक अधिक सक्षम होते आणि आपत्ती न आलेल्या वर्षीही पाणी, चारा व गारवा देत राहते. साताऱ्याचा डोंगर किंवा हर्सूलचा पाणलोट येथे होणाऱ्या प्रत्येक बांधकामाचा हिशेब त्यामुळे शहराच्या सुरक्षिततेच्या खात्यावरच मांडावा लागेल.

ठळक नोंदी

● जायकवाडी : पैठण येथील धरण. पायाभरणी १९६५, लोकार्पण १९७६. नाथसागर जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य.

● नांदूर मध्यमेश्वर : गोदावरीवरील, जायकवाडीच्या वरच्या बाजूची पाणथळ. २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ.

● खाम : जटवाड्याच्या डोंगरातून उगम. हर्सूल तलाव व शहरातून वाहत पुढे नाथसागराकडे.

● वाल्मी : जल व भूमी व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी राज्य शासनाची संस्था, पैठण रस्ता. स्थापना १९८०.

● नागरिकांना शक्य असलेले उपाय : छतावरील पाणी विहिरीत वा शोषखड्ड्यात सोडणे, अंगणाचा काही भाग मातीचा ठेवणे, कडुनिंब, करंज, वड, पिंपळ यांसारखी देशी झाडे लावणे, नाल्यात राडारोडा टाकला जात असल्यास महापालिकेला कळविणे आणि घर वा भूखंड घेण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहणे.