माणसे एकत्र का जमतात?

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांबाहेरच्या सभांत झाले. तेथे एक प्रश्न आम्हांस नेहमी पडे : पत्रक घरबसल्या वाचता येते, तरी संप करायचा की नाही हे ठरविण्यासाठी कामगार सभेलाच का येतो? त्याचे उत्तर आम्हांस आमच्या कर्जत-खालापूरच्या इतिहासात सापडले.

खोपोलीजवळच्या साजगावला कार्तिकी एकादशीस विठोबाची यात्रा भरते. तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठी इकडे येत, अशी लोकांची श्रद्धा आहे. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. म्हणून या देवाचे नावच पडले बोंबल्या विठोबा! बोंबील काय, कोठेही मिळतात. पण येथे ओळख मिळते. गेल्या वर्षीचा माणूस पुन्हा भेटतो, सोयरिकी निघतात, उधारी तोंडओळखीवर चालते.

ही तोंडओळख संकटात कामी येते. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, गावोगाव माणसे जोडली. खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवीत होते. १९४२ च्या लढ्यात कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. रानात लपून असे काम करावयाचे, तर एकमेकांवर भरवसा लागतो. तो छापील हुकुमाने येत नाही. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांचे चरित्र घरीही वाचता येते. तरी त्या दिवशी लोक सिद्धगडाची वाट धरतात.

मग हे केवळ एका धर्माचे किंवा एका पक्षाचे आहे काय? एक अनुभव सांगतो. आमच्या भागातील एक कारखाना बंद पडला. पगार थकले. कोण गुपचूप हिशेब घेऊन निघून जाईल, या संशयाने माणसे एकमेकांकडे पाहीनाशी झाली. नाताळात एका ख्रिस्ती सहकाऱ्याने आम्हांस आपल्या मंडळीच्या गायनाला नेले. पेटी होती, तबला होता, चाल भजनाची होती. आमचे माळकरी गडी थोड्याच वेळात टाळ्यांनी ठेका धरू लागले. यात नवल नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजविले, ते लोकांना आपल्या सुरात एकत्र गाता यावे म्हणूनच.

त्या गाण्याने पगार मिळाला नाही. पुढे मिळाला तोही अर्धा, आणि तीन वर्षांनी. पण दुसऱ्या दिवशीच्या सभेला सगळे आले आणि संघटना फुटली नाही.

जमाव वाईट कामासाठीही जमतो, हे आम्ही जाणतो. दंगली एकट्याने होत नाहीत. पण त्यावर उपाय घरात बसणे हा नव्हे. ज्याच्याबरोबर आपण गायलो, जेवलो, त्याच्यावर दगड उचलताना हात अडखळतो.

२०२० च्या मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रातील देवळे, मशिदी आणि चर्चेस बंद होती. साथीत ते आवश्यकच होते. फोनवर निरोपांचा पाऊस पडत होता. तरी मयताला खांदा द्यायला जाता आले नाही, ही बोच आजही घराघरांत आहे.

ती बंदी उठली. पण आमच्या कारखान्यांत दुसरी बंदी न पुकारता चालू आहे. एकाच यंत्रावर तीन ठेकेदारांची माणसे, त्यांच्या पाळ्या वेगळ्या, गाड्या वेगळ्या. शेजारच्याचे नाव ठाऊक नसेल, तर त्याच्यासाठी काम कोण थांबविणार?

तेव्हा श्रोतेहो, आमची एवढीच विनंती आहे. येत्या कार्तिकीला पाळी बदलून घ्या आणि साजगावला या. येताना शेजारच्या यंत्रावरच्या माणसालाही बरोबर आणा. आधी त्याचे नाव विचारा.