डिप्लोमावाल्यांची गोष्ट

आपल्या आजोबांच्या पिढीत 'अमुकांचे चिरंजीव एल.एम.ई. झाले' असं कौतुकानं सांगत. ही अक्षरं आली कुठून, हे शोधताना मी थेट १८५४ सालच्या पुण्यात पोचलो. त्या वर्षी तिथे 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालं. साहेब इंजिनीअर विलायतेहून येतच होते. इमारती, कालवे, पूल यांच्या कामावर उभं राहायला सरकारला हाताखालची माणसं हवी होती. पुढे त्याच शाळेचं कॉलेज झालं आणि १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या तिथून एल.सी.ई. झाले. तेव्हा ती विद्यापीठाची मानाची परीक्षा होती. नंतर बी.ई. आली आणि एल.सी.ई., एल.एम.ई. डिप्लोमाला चिकटले. अक्षरं तीच राहिली, वजन मात्र घटलं.

सिंगापूरची कथा याच वळणाची. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सिंगापूर पॉलिटेक्निकच्या प्रिन्स एडवर्ड रोडवरच्या वास्तूचं उद्घाटन १९५९ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरांच्या हस्ते झालं. साठच्या दशकात तिथे पदवीचंही शिक्षण सुरू झालं; मग ते विद्यापीठाकडे गेलं आणि पॉलिटेक्निक पुन्हा तंत्रज्ञ घडवू लागलं. जुरोंगला कारखाने उभे राहत होते, त्यांना तीच माणसं हवी होती. ही पायउतार झाली असं इथे कुणी मानलं नाही, हे मला विशेष वाटतं.

मी विजेच्या कामातला, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. इथे या कामाचा परवाना तीन पायऱ्यांचा आहे. ४५ के.व्ही.ए.पर्यंतची जोडणी इलेक्ट्रिशियन करू शकतो, १५० पर्यंत टेक्निशियन, त्यापलीकडे इंजिनीअर. आपापल्या हद्दीत प्रत्येकाच्या सहीला पूर्ण किंमत! आपल्याकडेही वायरमन आणि सुपरवायझरचे परवाने आहेतच, पण लग्नाच्या बैठकीत ते कुणी विचारत नाही.

डिप्लोमावाल्याला वर चढायला आपल्याकडे ए.एम.आय.ई.ची शिडी होती. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास, असे 'अ' आणि 'ब' विभाग वर्षानुवर्षं देत राहायचं. सरकार ते पदवीच्या बरोबरीचं मानी. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ती मान्यता राहिली.

देशोदेशीच्या शिक्षणाचा मेळ घालणारे करारही तीन आहेत: इंजिनीअरांसाठी १९८९ चा वॉशिंग्टन, टेक्नॉलॉजिस्टसाठी २००१ चा सिडनी, टेक्निशियनसाठी २००२ चा डब्लिन. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन करारात आला, पण तो करार पदवीपुरता. डिप्लोमा घेऊन आलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. इथली इंजिनीअरांची संस्था आता चार्टर्ड टेक्नॉलॉजिस्ट आणि टेक्निशियन अशीही नोंदणी करते. तिथे शिक्षणाबरोबर अनुभवही पाहतात. विचारायला येणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगतो: भारतातली नोकरी सोडताना किती व्होल्टेजवर, किती क्षमतेच्या यंत्रणेवर, काय काम केलं हे साहेबांकडून लिहून घ्या. नुसतं 'काम समाधानकारक' लिहिलेला कागद इथे चालत नाही.