तुरुंग पाहायला जाताना

शाळा-कॉलेजांच्या सहली किल्ल्यावर जातात, धरणावर जातात, आमच्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतही येतात. तुरुंग म्हटला की मात्र पालकांच्या कपाळाला आठी पडते. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहापासून ‘तुरुंग पर्यटन’ सुरू केले. १९३२ साली जिथे पुणे करार झाला, ती जागा मुलांना पाहता यावी, हा हेतू चांगलाच. पण मुलांनी तिथून नेमके काय घेऊन यायचे?

आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह हे आपलेही म्हणायचे. तो मुळात पोर्तुगीजांचा किल्ला. १७३७ साली मराठ्यांनी तो घेतला, १७७४ साली इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. १८१६ साली ते निसटले. त्याची गोष्ट मोठी गमतीची सांगतात. बाहेर घोडा फिरवणारा मोतद्दार मराठीत गाणे म्हणायचा आणि गाण्यातूनच पळण्याचा बेत कळवायचा. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हते! मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट आवडणारच.

याच भिंतींच्या आत १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाचा तो खटला. कान्हेरे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. बारावीच्या वर्गात हे वय सांगितले की वर्ग गप्प होतो. आणि ज्या ‘श्यामची आई’ने आपल्या सर्वांना रडवले, ते पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातच लिहिले.

इथवर सारे ठीक. पण बोईसरच्या काही मुलांशी मी या विषयावर बोलत होतो, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, आत आज कोण असतं?” खरा धडा या प्रश्नापासून सुरू होतो.

देशातल्या तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून आलेला मजूर डोळ्यांसमोर आणा. त्याच्यासाठी सात-बारा घेऊन कोर्टात कोण उभे राहणार? बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या अशा माणसांच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या आणि त्यांतूनच १९७९ साली हुसैनआरा खातून खटला उभा राहिला. खटला लवकर चालणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितले. तुरुंगात जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य आहे, हे सांगायला मात्र ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

म्हणून माझे शिक्षकांना सांगणे आहे की, तुरुंगात नेण्याआधी मुलांना एक दिवस पालघरच्या न्यायालयात न्या. रिमांड म्हणजे काय, जामीन म्हणजे काय, ते त्यांना पाहू द्या. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अटकेतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. ही माहिती ज्या घरात असायला हवी, त्या घरात ती क्वचितच असते. मुले ती घरी नेतील, शेजारच्या चाळीत सांगतील. आणि आत गेल्यावर कैद्यांकडे बोट दाखवायचे नाही, एवढे त्यांना बजावून ठेवा. प्राणिसंग्रहालय पाहावे तसा तुरुंग पाहायचा नसतो.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरमध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्तंभावरून आपण रोज जातो. सरकारने ज्यांना गुन्हेगार मानले, त्यांची नावे आज आपण आदराने घेतो. ज्या गावाला हे ठाऊक आहे, त्या गावाच्या मुलांनी निकालाआधी कुणालाही गुन्हेगार म्हणू नये. सहलीतून एवढे शिकून आली, तरी पुष्कळ झाले.