बँडवाल्यांचे स्वतःचे गाणे

आमच्या घनसावंगीकडे बँड म्हटला की वरातीपुढचा बँड आठवतो. लाल डगले, पितळी वाद्ये आणि सिनेमातल्या चाली! त्या बिचाऱ्यांना 'तुमचे स्वतःचे काही वाजवा' असे कोणी म्हणत नाही. मुंबईतल्या एका निराळ्या बँडने मात्र लोकांनी न मागताच स्वतःचे गाणे ऐकविले. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड निघाला. रॉक म्हणजे विजेच्या गिटारीवर आणि ड्रमच्या ठेक्यावर चालणारे पश्चिमेकडचे दणदणीत संगीत. उदय बेनेगल गात, महेश तिनईकर गिटार वाजवीत. त्या काळी कॉलेजांच्या जलशांत विलायती बँडांची गाणी हुबेहूब वठविणाऱ्यालाच टाळ्या पडत. नकलेला मान आणि अस्सलाला जांभया, असा तो मामला! तरीही या मंडळींनी १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढला. १९९० मध्ये दुसरा.

१९९३ मध्ये त्यांनी नावही बदलले. 'इंडस क्रीड' या नव्या नावात आपली सिंधू आली. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचे आशियाई प्रेक्षक-पसंतीचे पारितोषिक मिळाले. १९९७ मध्ये बँड मोडला. २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह आला. मधल्या काळात उभ्या राहिलेल्या बँडांना स्वतःचे गाणे घेऊन लोकांपुढे जाणे सोपे झाले होते. पहिली पायवाट यांनी पाडली होती.

कोणी म्हणेल, 'पण गाणी तर इंग्रजीच ना?' खरे आहे. ती उणीव आम्हालाही खुपते. परंतु उसनी चाल टाकून देण्याचे धैर्य आधी लागते. भाषेचा प्रश्न त्यानंतरचा.

हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या वेळी एक मुलगा वही घेऊन आला. "गुरुजी, मी रचलेलं गाणं म्हणू?" आम्ही म्हणालो, "सिनेमातलं बसव, लोकांना आवडेल." त्याने मुकाट्याने बसविले. टाळ्याही पडल्या.

ज्या समर्थांचे जांब आमच्याच तालुक्यात, त्यांचे करुणाष्टक वर्गात शिकविताना ती वही आठवते. तिच्यात काय होते, ते आम्ही उघडूनही पाहिले नाही.